पहिलं माध्यम कोणतं घ्यावं? पेन्सिल, पोस्टर, जलरंग की अ‍ॅक्रिलिक (सोलापूरची हवा धरून सांगा)

मोगरा_सोलापूर

नमस्कार मंडळी,

चित्रकला नीट पायापासून शिकायची आहे, पण माध्यम ठरत नाही. शाळेत एलिमेंटरीपर्यंत झालंय, तेवढंच. हाताशी काय आहे ते आधीच सांगते, म्हणजे उत्तर देणं सोपं जाईल.

रोज रात्री जेवणानंतर पाऊण तास आणि रविवारी सकाळी दोन तास. खिडकीपाशी एक टेबल आहे, पण झोपायची खोलीही तीच. सुरुवातीचा खर्च दोन हजारांच्या आत. मार्च ते जून पंखा बंद ठेवून बसणं शक्य नाही, दिवसा कूलरही चालू असतो. काढायला आवडेल ते म्हणजे सिद्धेश्वराचं तळ्यातलं देऊळ, भुईकोट किल्ल्याची तटबंदी आणि घरातल्या साध्या वस्तू.

व्हिडिओ बघावेत तर सगळे जलरंगांचे. दुकानात विचारलं तर "अ‍ॅक्रिलिक घ्या, हल्ली सगळे तेच नेतात". ओळखीचे म्हणतात, आधी वर्षभर नुसती पेन्सिल. प्रत्येकाचं पटतं आणि म्हणूनच काही ठरत नाही. माध्यम निवडताना नेमकं बघायचं काय? आणि आपल्याकडच्या हवेचा त्यात काही संबंध येतो का?

रंगघोटा

येतो, आणि चांगलाच येतो.

मोगराताई, सोपं माध्यम कोणतं हा विचार सोडून द्या. दोनच गोष्टी बघा. रंग वाळायला किती वेळ लागतो? आणि वाळल्यावर चूक दिसली तर ती निस्तरता येते का?

तैलरंग दिवसभर ओला राहतो, नको तो भाग चिंधीने पुसून पुन्हा करता येतो. अ‍ॅक्रिलिक काही मिनिटांत वाळतो आणि वाळला की त्याचं प्लॅस्टिक होतं. वरून झाकता येतं, खालचं उचलता येत नाही. जलरंग ओल्या ब्रशने थोडाफार उचलता येतो, पण झाकता येत नाही, कारण तो पारदर्शक. तिथे पांढरा म्हणजे कोरा कागदच. पोस्टर कलरमध्ये मात्र दोन्ही होतं. वाळलेला रंग पाण्याने परत मऊ होतो आणि अपारदर्शक असल्याने झाकतोही. नवीन हाताला हीच सवलत हवी असते. म्हणून माझं मत असं की दीड-दोन महिने पेन्सिल आणि पोस्टर कलर बरोबरीने चालवा, मग जलरंगाकडे जा. ट्यूबमध्ये गवाश म्हणून मिळतो तो याच कुळातला. त्यात रंगद्रव्य जास्त असतं, किंमतही जास्त. आत्ता गरज नाही. पुढे घेतलात तर लेबल नीट वाचा. "अ‍ॅक्रिलिक गवाश" लिहिलं असेल तर तो वाळल्यावर पाण्याने सुटत नाही, म्हणजे ज्यासाठी घेतला तीच सोय गेली.

बारा बाटल्यांचा संच घेऊ नका. सुट्या बाटल्या मिळतात. लेमन यलो, यलो ऑकर, क्रिमसन, अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना आणि पांढऱ्याच्या दोन. काळा मुद्दाम टाळा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना समप्रमाणात घोटले की जवळजवळ काळा होतो. निळा वाढवला तर थंड करडा, सिएना वाढवला तर उबदार. भुईकोटाचा दगड याच दोन रंगांत सापडतो. बाटलीतला काळा लावला की तटबंदी डांबरासारखी दिसते.

रंग घोटायला चिनी मातीची पांढरी बशी घ्या. स्टीलच्या ताटलीत रंग खरा दिसत नाही, खालची चकाकी मध्ये येते.

आता घट्टपणा. पोस्टर कलरचं निम्मं काम इथेच बिघडतं. रंग ताकाइतका पातळ झाला की पट्टे पडतात आणि खालचं दिसतं. बाटलीतून काढला तसाच श्रीखंडासारखा थापला तर वाळताना पापुद्रे सुटून तडा जातो, आपल्याकडच्या कोरड्या हवेत तर लवकरच. सायीसकट ढवळलेलं दूध ब्रशवरून जसं ओघळेल, तेवढा हवा. कागदावर एक पट्टा ओढून बघा. खालची पेन्सिलीची रेघ दिसेनाशी झाली आणि ब्रशच्या केसांच्या रेषा उमटल्या नाहीत, की बरोबर जमलं.

दुसरा थर देताना ब्रश ओला नको, फक्त दमट हवा. कापडावर टेकवून पाणी काढा, जाडसर रंग घ्या आणि एका फटक्यात लावून सोडून द्या. तिथेच घासत राहिलात की खालचा थर विरघळून वर येतो. क्रिमसनवर पांढरा लावला की तो गुलाबी होतो, त्याचं कारण हेच. जिथे पांढरा हवा तिथे क्रिमसन न लावता आधीच कागद कोरा सोडलेला बरा.

आणखी एक फसगत ठरलेली. फिक्या छटा वाळल्यावर थोड्या गडद होतात आणि गडद छटा थोड्या फिक्या. तळ्यावरचं आकाश ओलं असताना अगदी जमलेलं वाटतं आणि वाळल्यावर मळकट दिसतं, ते यामुळे. चित्राच्याच कागदाची एक पट्टी कापून शेजारी ठेवा. प्रत्येक मिश्रण आधी तिच्यावर लावायचं, वाळू द्यायचं, मग चित्रावर. आपल्या उन्हाळ्यात त्याला दोन-तीन मिनिटंही लागत नाहीत. पंख्याचा एवढा तरी उपयोग करून घ्या.

पहिला विषय पितळी तांब्या आणि दोन लिंबं. सहा बाय आठ इंचांपेक्षा मोठं करू नका, पाऊण तासात संपलं पाहिजे. एकच दिवा डावीकडे ठेवा, खोलीतली ट्यूब बंद. आधी पेन्सिलने फक्त बाह्याकार आणि सावलीची हद्द. मग सगळ्यात मोठा गडद भाग, मग मधला, उजेड शेवटी. तांब्यावरचा चकाकणारा ठिपका पांढरा नसतो, डोळे बारीक करून बघा. त्यात लेमन यलोची झाक असते आणि त्याला अगदी लागूनच तांब्यातली सर्वात गडद पट्टी असते. तांब्या चमकतो तो या शेजारामुळे. नुसता पांढरा ठिपका दिला तर चुना उडाल्यासारखा दिसतो. लिंबाच्या बाजूला तांब्याच्या पोटात एक पिवळी झाकही सापडेल, ती सोडू नका.

रात्री काम करणार म्हणून दिव्याचंही सांगतो. पिवळट बल्बखाली यलो ऑकर आणि पांढरा यांतला फरक दिसत नाही, सकाळी बघावं तर चित्र निळं पडलेलं असतं. एलईडी बल्बच्या खोक्यावर ६५००के किंवा "कूल डेलाइट" लिहिलेलं असतं, तो घ्या.

कागदवेडा

रंगघोटा यांचं पोस्टर कलरबद्दलचं सगळं मान्य, पण जलरंगाला दोन महिने थांबवायची गरज नाही असं माझं ठाम म्हणणं आहे. लोक जलरंग सोडून देतात ते बहुतेकदा रंगामुळे नाही, कागदामुळे. शाळेच्या कार्ट्रिज शीटवर जलरंग करून "मला जमत नाही" म्हणणं म्हणजे वर्तमानपत्रावर रांगोळी काढून हात वाईट म्हणण्यासारखं आहे.

कागद ३०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, आकडा मोठा तितका कागद जाड), कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खरबरीत, आणि जमेल तर शंभर टक्के सुती. सुती कागदात पाणी आत मुरून राहतं, त्यामुळे पृष्ठभाग जास्त वेळ ओला राहतो. लगद्याच्या स्वस्त कागदावर पाणी वरच तरंगतं आणि आपल्या एप्रिलच्या हवेत बघता बघता उडतं. महाग पडतो म्हणून वही घेऊ नका. २२ बाय ३० इंचांचा पूर्ण ताव घ्या आणि त्याचे आठ तुकडे करा, प्रत्येक साडेसात बाय अकरा इंचांचा. दोन तावांत सोळा चित्रं, मागची बाजू सरावाला. उरलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवा. पाणी लगेच शोषलं जाऊ नये म्हणून कागदाला सरसासारखं सायझिंग दिलेलं असतं, दमटपणाने ते बिघडतं. पावसाळ्यानंतर शंका आली तर कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाका. थेंब टिपकागदासारखा लगेच शोषला गेला, तर तो ताव पेन्सिलीला वापरा, जलरंगाला नको.

आता पंख्याची अडचण. वॉश म्हणजे मोठ्या भागावर पातळ रंगाचा सलग थर. तो देताना रंगाची खालची कड ओली असेपर्यंतच पुढचा पट्टा त्यात मिसळतो. ४० अंशांच्या वर पारा आणि डोक्यावर पंखा, म्हणजे ती कड पुढचा पट्टा येण्याआधीच वाळते आणि आकाशात पायऱ्या पडतात. यावर आपल्याकडे चालणारा उपाय असा. कागद दोन्ही बाजूंनी सपाट ब्रशने चांगला भिजवा, पाच मिनिटं मुरू द्या, आणि सनमायका लावलेल्या फळीवर चिकटवा. टेप लागत नाही, ओला कागद आपोआप धरून बसतो. वरचं तकाकणारं पाणी कापडाने हलकं टिपा. खालून पाणी मिळत राहिल्याने कोरड्या कागदापेक्षा कितीतरी जास्त वेळ हातात राहतो. पंखा चालू ठेवायचा तर टेबल त्याच्या बरोबर खाली नको. कूलर असेल तर हवा दमट होते आणि वॉश जास्त वेळ ओला राहतो, हा फायदाच, फक्त त्याचा झोत थेट कागदावर येऊ देऊ नका. तुमची रविवारची सकाळ जलरंगाला ठेवा, रात्रीचे पाऊण तास पोस्टर आणि पेन्सिलीला. माध्यमं दोन असली तरी रंगांचे नियम तेच आहेत.

वॉशसाठी रंग आधीच भरपूर कालवून घ्या, एका चित्राच्या आकाशाला तीन-चार चमचे. मध्येच संपला की गेलं. फळीच्या वरच्या कडेखाली दोन बोटं जाडीचं पुस्तक ठेवून उतार द्या. १२ नंबरचा गोल ब्रश भरून आडवा पट्टा ओढा. खाली रंगाचा फुगलेला थेंब साचतो, पुढचा पट्टा त्या थेंबाला टेकवून ओढायचा. शेवटी उरलेला थेंब पिळलेल्या ब्रशने टिपून घ्या. आणि मग हात मागे! अर्धवट वाळलेल्या वॉशमध्ये "जरा नीट करू" म्हणून ओला ब्रश टेकवला की फुलकोबीसारखा डाग उठतो. ब्रशमधलं जास्तीचं पाणी तिथल्या रंगाला ढकलत बाहेर नेतं आणि कडेला साचवतं, म्हणून. तो पुसायचा प्रयत्न करू नका. पूर्ण वाळू द्या, मग ठरवा.

टेप वापरलीच तर त्याच दिवशी काढा. उन्हाळ्यात तिचा गोंद मऊ होऊन कागदात शिरतो आणि नंतर काढताना कागदाची साल निघते. ओढताना टेप स्वतःवरच दुमडून, तिरकी, सावकाश ओढायची.

रंग मात्र सहाच, रंगघोटा यांनी सांगितलेलेच, पांढरा सोडून आणि एक गॅम्बोज ह्यू (उबदार पिवळा) वाढवून. पाच मिलीच्या ट्यूब सुरुवातीला भरपूर पुरतात. पॅलेटच्या खणात काढून वाळवून ठेवणार असाल तर इथल्या कोरड्या हवेत काही रंग आक्रसून खडा होऊन खणातून सुटतात. काढतानाच खणात ग्लिसरीनचा एक थेंब टूथपिकने मिसळा, एकच. दोन-तीन घातले की रंग महिनाभर चिकट राहतो. पाणी प्यायचंच घ्या. बोअरच्या पाण्यातले क्षार गडद वॉशवर वाळल्यावर पांढुरकी झाक सोडतात.

सिद्धेश्वराचं देऊळ काढणार आहात म्हणून एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा. पाण्यातलं प्रतिबिंब ही देवळाची हुबेहूब नक्कल नसते. उजळ भाग पाण्यात थोडा गडद दिसतो आणि गडद भाग थोडा उजळ. कळस आणि आकाश यांतला फरक वर जेवढा, त्यापेक्षा खाली कमी ठेवा. प्रतिबिंब ओल्यात ओलं, म्हणजे ओल्या कागदावरच ओला रंग, उभ्या फटक्यांनी करा आणि वाळल्यावर एक-दोन आडव्या रेषा कोऱ्या ओल्या ब्रशने उचला. तेवढ्याने पाणी आडवं होतं.

शिसपेन्सिल

वर्षभर नुसती पेन्सिल नको, पण पेन्सिलीशिवायही नको. रोजच्या पाऊण तासातली पहिली दहा मिनिटं तिची.

एचबी, २बी, ४बी आणि ६बी. चार पुरेत. शार्पनर नको, कटरने तासा, शिसं सेंटिमीटरभर उघडं राहील असं. मग आडवी धरून रुंद छटा देता येते. एचबी फक्त आखणीला आणि अगदी हलक्या हाताने. दाबली तर कागदात चर पडते, वरून कितीही छटा द्या, तिथे पांढरी रेघ राहते. गडदपणा हवा असेल तर जोर वाढवू नका, पुढच्या नंबरची पेन्सिल घ्या. जोराने घासलेलं शिसं चमकतं आणि काळं दिसायच्या ऐवजी आरशासारखं उजेड परतवतं.

पहिल्या आठवड्यात पाच चौकोनांची पट्टी. पहिला कोरा कागद, पाचवा ६बीचा पूर्ण गडद, मधले तीन समान अंतराने. अवघड तिसरा असतो, तो नेहमी फिका राहतो. ही पट्टी जमली की रंगातही गडद-उजळ चुकणार नाही. चित्र फसतं ते बहुधा रंगछटेपेक्षा गडद-उजळाच्या चुकीने फसतं.

हाताखाली कागदाचा कपटा ठेवा. मे महिन्यात तळव्याचा घाम कागदाला लागला की तिथे शिसं धरत नाही आणि जलरंगही सरकतो. वस्तू म्हणाल तर कडक भाकरीइतकी चांगली दुसरी नाही. तिचे फोड, करपलेले डाग आणि उचललेल्या काठाखालची पातळ सावली, यात पाचही छटा सापडतात. आणि ती हलत नाही, खराबही होत नाही. चार दिवस तीच ठेवा.

मोगरा_सोलापूर

मनापासून आभार. एवढं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. अजून दोन-तीन शंका आहेत.

एक, दुकानदार अ‍ॅक्रिलिक म्हणतात त्यात तथ्य किती? दोन, तैलरंग पुढे तरी करता येतील का, झोपायच्या खोलीत? तीन, घरात पोस्टर कलरच्या जुन्या बाटल्या आहेत, निम्म्या वाळलेल्या. त्या टाकून द्यायच्या का?

जवसतेल

पहिल्या दोन शंकांचं मी सांगतो.

अ‍ॅक्रिलिक वाईट नाही. कॅनव्हासवर, लाकडावर, मडक्यावर चालतो आणि पाण्यानेच काम होतं. अडचण वेळेची आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पॅलेटवर काढलेला रंग दहा मिनिटांत साय धरतो. दोन रंग कागदावरच एकमेकांत मिसळून शिकायचं, तर हात शिकायच्या आधी रंग वाळलेला असतो. करायचंच असेल तर ओली पॅलेट लागेल. झाकणाचा चपटा प्लॅस्टिकचा डबा घ्या, तळाला ओलं करून हलकं पिळलेलं सुती कापड दुहेरी अंथरा, वर बटर पेपर आणि त्यावर रंग. झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही रंग वापरता येतो. कापडात पाणी साचू देऊ नका, नाहीतर रंग खालून पातळ होत जातो. रिटार्डर नावाचं द्रावण मिळतं, ते बाटलीवर लिहिलंय त्याहून जास्त घालू नका. रंग वाळला तरी चिकट राहतो आणि त्यावर धूळ बसते. धुळीला आपल्याकडे तोटा नाही.

जलरंगासारखं भरपूर पाणी घालून अ‍ॅक्रिलिक पातळ करणं ही सर्रास दिसणारी चूक. रंगद्रव्याला धरून ठेवणारा पॉलिमर विरळ होतो आणि थर कच्चा राहतो. पातळ हवा असेल तर पाण्याबरोबर अ‍ॅक्रिलिक मीडियम (रंगद्रव्याशिवायचा तोच पॉलिमर) घाला. वाळल्यावर रंग थोडा गडद होतो, कारण ओला असताना तो पॉलिमर दुधासारखा पांढरट असतो आणि वाळल्यावर पारदर्शक. आणि ब्रश! काम चालू असताना तो आडवा ठेवून विसरायचा नाही. पत्र्याच्या टोपीत केसांच्या मुळाशी रंग वाळला की केस पिंजारतात आणि तो ब्रश कायमचा गेला. जलरंगाचा चांगला ब्रश अ‍ॅक्रिलिकला कधीही लावू नका. स्वस्त सिंथेटिक वेगळे ठेवा.

तैलरंग झोपायच्या खोलीत नको, हे स्पष्टच सांगतो. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं, पाण्यासारखं उडून नाही. पातळ थरालाही काही दिवस लागतात, त्यात टायटॅनियम व्हाइट सावकाश वाळतो आणि अंबर हा तपकिरी रंग लवकर. तोपर्यंत कॅनव्हास घरातच असणार. त्यात टर्पेंटाइनचा वास रात्रभर. पुढे वेगळी हवेशीर जागा मिळाली तर जरूर करा, कारण सावकाश मिसळत बसायचं सुख त्यातच आहे. तेव्हा दोन नियम पाळा. खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे. उलट केलं तर वरचा थर आधी आखडतो आणि खालचा हलत राहतो, मग चित्राला भेगा पडतात. दुसरा नियम घराच्या सुरक्षिततेचा आहे. जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्या चुरगळून ढिगात कधीच टाकायच्या नाहीत. तेल वाळताना उष्णता सोडतं, ढिगाच्या आत ती कोंडते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. आपल्या मे महिन्यात तर हा धोका हसण्यावारी नेऊच नका. चिंध्या बाहेर मोकळ्या पसरून वाळवा किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.

तैलरंग घ्यायच्या आधी एकदा सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या श्री भवानी संग्रहालयात जाऊन या. १९३८ साली सुरू झालेलं आहे, राजा रविवर्मांची मूळ तैलचित्रं तिथे आहेत. आपण सगळ्यांनी रविवर्मा कॅलेंडरात आणि देवघरातल्या छापील चित्रांत पाहिलेले असतात. मूळ चित्रासमोर तिरकं उभं राहून कापडाची आणि दागिन्यांची रंगवणूक बघा. उजेडाचा रंग जाड आणि सावलीचा पातळ, हे पडद्यावर कधीच कळत नाही. जलरंगात याच्या बरोबर उलटा विचार आहे, उजेड म्हणजे जिथे रंग नाही ती जागा. तुम्हाला यातलं काय भावतं ते तिथे उभं राहिल्यावरच उमगेल.

पळसफूल

खडूंबद्दल कुणी बोललं नाही म्हणून दोन ओळी. ऑइल पेस्टल बरेच जण सोपे म्हणून घेतात. ते कधीच पूर्ण वाळत नाहीत. मे महिन्यात खिडकीत ठेवलेला खडू लोण्यासारखा होतो, वहीत मिटून ठेवलेलं चित्र समोरच्या पानाला चिकटतं. चित्रांमध्ये बटर पेपर घाला आणि खोका कपाटात ठेवा. मऊ पेस्टल झोपायच्या खोलीत नको, भुकटी उडते. फुंकर मारायची नाही, फळी बाहेर नेऊन मागून टिचकी मारायची.

रंगीत पेन्सिली मात्र रात्रीच्या वेळेला चांगल्या, पसारा शून्य. पण तळहाताएवढं चित्र व्हायला तीन-चार बैठका लागतात, त्याची तयारी ठेवा. थर हलके, पाच-सहा तरी. सुरुवातीलाच दाबून रंगवलं की मेणाचा गुळगुळीत थर बसतो आणि वर दुसरा रंग चढत नाही.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरची गर्दी, नंदीध्वज वगैरे उभ्या उभ्या काढायचं असेल तर यातलं काहीच नको. ०.५ चं वॉटरप्रूफ पेन आणि खिशात मावणारी वही. वॉटरप्रूफ यासाठी, की घरी आल्यावर त्यावर जलरंग देता येतो.

रंगघोटा

कागदवेडा यांचा रविवारचा तोडगा मला पटला. रात्री पोस्टर, रविवारी जलरंग. माझे दोन महिने मागे घेतो.

खर्चाचं असं करा. सगळ्यात मोठा वाटा कागदाला, त्याखालोखाल ब्रशला, रंग शेवटी. ब्रश तीनच, सिंथेटिक गोल ४ आणि १२ नंबर आणि एक इंची सपाट. दुकानात पाण्याची वाटी मागा. ब्रश भिजवून झटकला की गोल ब्रशचं टोक आपोआप सुईसारखं जुळलं पाहिजे. दोन टोकं झाली तर तो नको. पोस्टर कलरला कागद साधा चालतो, १५० ते २०० जीएसएमची कार्ट्रिज किंवा आयव्हरी कार्ड. सुती ताव त्यावर घालवू नका.

क्रिमसनबद्दल एक सावधगिरी. स्वस्त क्रिमसन आणि गुलाबी रंगांपैकी बरेच उजेडाने उडतात. लेबलवर टिकाऊपणाच्या खुणा असतात त्या बघा. जपून ठेवायचं चित्र खिडकीच्या समोरच्या भिंतीवर लावू नका, आपलं ऊन दोन उन्हाळ्यांत लाल रंग खाऊन टाकतं. सरावाच्या चित्रांची चिंता नको.

जुन्या बाटल्या टाकायच्या आधी वास घ्या. कुजका वास किंवा वर बुरशी असेल तर सरळ टाकून द्या. नसेल तर कोमट पाण्याचे आठ-दहा थेंब घाला, झाकण लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी आइस्क्रीमच्या काडीने तळापासून घोटा. गुठळ्या राहिल्या तर आणखी पाच थेंब आणि आणखी एक रात्र. घाईने पाणी ओतलं की वर पाणी आणि खाली ढेकूळ राहतं. मग कागदावर पट्टा ओढून वाळवा आणि कोरड्या बोटाने चोळा. बोटाला काही लागलं नाही तर रंग चांगला आहे. भुकटी लागली तर त्यातला डिंक संपलाय. दुकानात गम अरेबिकची बाटली मिळते, तिचे दोन थेंब घालून पुन्हा तीच परीक्षा करा. डिंक जास्त झाला तर रंग चमकतो आणि तडकतो, म्हणून दोनच.

आणि नव्या बाटल्या तशा होऊ नयेत म्हणून काम झाल्यावर बाटलीचे आटे ओल्या चिंधीने पुसूनच झाकण लावा. आट्यांत वाळलेला रंग राहिला की झाकण घट्ट बसल्यासारखं वाटतं पण फट राहते, आणि एका उन्हाळ्यात बाटली दगड होते. पांढऱ्याच्या बाटलीत तर ब्रश कधीच बुडवू नका, टूथपिकने बशीत काढून घ्या.